फी शून्य, हिशेब बारा लाखांचा

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात शिकायला फी लागत नाही, ही गोष्ट आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. सांगली, नाशिक, लातूर, कोल्हापूर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना ती तोंडपाठ असते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांच्या पुढे गेली होती आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा होता. यात मराठी घरांतली मुलं खूप आहेत आणि त्यांच्यातली बरीचशी अशा घरांतली, जिथे याआधी कुणी शिकायला देशाबाहेर गेलेलं नाही.

अशा घरात ‘फी नाही’ हे शब्द फार मोठा दिलासा घेऊन येतात. अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा चाळीस-पन्नास लाखांचा आकडा ऐकून बंद केलेली फाइल पुन्हा उघडते. मग काही महिन्यांनी व्हिसाच्या कागदांची यादी हातात पडते आणि तिच्यात लिहिलेलं असतं: ११,९०४ युरो खात्यात असल्याचा पुरावा. एक युरो शंभर रुपयांचा धरला, तर ही रक्कम ११ लाख ९० हजार रुपये होते. आणि ती हप्त्याहप्त्याने नव्हे, एकरकमी दाखवायची असते.

जर्मन शिक्षणात पैसा लागतोच. तो लागण्याची वेळ आणि रूप वेगळं असतं. तो आधी खात्यात अडकतो, मग घरभाड्यात जातो, आणि त्याच्या जोडीला भाषा शिकण्याची दीड-दोन वर्षं द्यावी लागतात. कोणत्या महिन्यात किती रक्कम हाताशी लागेल, ती कधी मोकळी होईल आणि दुसऱ्या वर्षाचं काय, एवढ्या प्रश्नांची उत्तरं घरातल्या सगळ्यांनी मिळून आधी शोधली, तर नोकरदार मध्यमवर्गीय कुटुंबाला हा खर्च पेलता येतो. ही उत्तरं न शोधता निघालेल्या मुलांची मात्र परक्या गावात फरफट होते.

फी कुठे नाही, कुठे आहे

जर्मनीत उच्चशिक्षण हा सोळा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने राज्यांना फी आकारण्याची मोकळीक दिली आणि काही राज्यांनी सत्राला ५०० युरोंपर्यंत फी सुरूही केली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवडणुकांत तो मुद्दा झाला. बव्हेरियात सह्यांच्या मोहिमेनंतर २०१३ मध्ये फी रद्द झाली आणि २०१४ मध्ये लोअर सॅक्सनी या शेवटच्या राज्यानेही ती मागे घेतली. आज जे मोफत शिक्षण मिळतं ते तिथल्या करदात्यांच्या पैशातून आणि मतदारांच्या निर्णयामुळे. हा निर्णय राज्याराज्यांत बदलू शकतो, आणि बदललाही आहे.

बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली. श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबेर्ग, फ्रायबुर्ग ही भारतीय मुलांची आवडती गावं याच राज्यात आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, तरी मुंबईच्या विद्यार्थ्याला तिथे दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी ६,००० युरो मोजावेच लागतात. बव्हेरियातल्या म्युनिक तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून अशीच फी सुरू केली. तिथे मास्टर्सला सत्रागणिक ४,००० ते ६,००० युरो पडतात, म्हणजे दोन वर्षांचे १६ ते २४ हजार. तेव्हा ‘जर्मनीत फी नाही’ हे वाक्य कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारायचा: कोणत्या राज्यात, कोणत्या विद्यापीठात?

जिथे फी नाही तिथेही प्रत्येक सत्राला एक अंशदान भरावं लागतं. ते गावानुसार साधारण १०० ते ३५० युरो असतं. त्यात विद्यार्थी कल्याण संस्थेचा वाटा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी प्रवासाच्या पासाचे पैसेही त्यातच येतात.

याहून मोठी गफलत खासगी विद्यापीठांबाबत होते. जर्मनीत मान्यताप्राप्त खासगी विद्यापीठं आहेत, त्यातली काही चांगलीही आहेत, पण त्यांची फी वर्षाला दहा-पंधरा हजार युरोंच्या घरात जाऊ शकते. एजंटाला विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं ते सहसा अशाच संस्थांकडून; सरकारी विद्यापीठं सहसा ते देत नाहीत. म्हणून ‘मोफत सल्ला’ देणाऱ्या कार्यालयातून मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातातल्या यादीत खासगी नावांचीच गर्दी दिसू शकते. जर्मन विद्यापीठांच्या कुलगुरू परिषदेच्या संकेतस्थळावर, तसंच डाड या विनिमय संस्थेच्या अभ्यासक्रम-सूचीत कोणतं विद्यापीठ सरकारी आणि कोणतं खासगी हे स्पष्ट लिहिलेलं असतं. दहा मिनिटांच्या या तपासणीने दहा लाख वाचू शकतात.

अडवून ठेवलेलं खातं

व्हिसासाठी लागणाऱ्या खात्याला जर्मनमध्ये ‘श्पेअरकोंटो’ म्हणतात. आपली मुलं ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात. यात एका वर्षाच्या राहण्याखाण्याची रक्कम आधीच भरायची आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ठरलेला हप्ता आपल्यालाच परत मिळवायचा. सप्टेंबर २०२४ पासून हा हप्ता ९९२ युरो आहे आणि बारा महिन्यांचे ११,९०४. त्याआधी हीच रक्कम ११,२०८ होती.

९९२ हा आकडा कुठून आला, हे जाणून घेण्यासारखं आहे. जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्यांना ‘बाफ्योग’ नावाचं सहाय्य देतं. त्याची कमाल मर्यादा ४७५ युरो राहणीखर्च, ३८० युरो घरभाडं आणि १३७ युरो आरोग्य व काळजी विमा अशी मिळून ९९२ होते. परदेशी विद्यार्थ्याकडून मागितला जाणारा पुरावा याच मापाने ठरतो. बाफ्योग वाढला की खात्याची अटही वाढते. म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या ओळखीच्या मुलाचा आकडा धरून चालू नये. अर्ज करण्याआधी मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावरची त्या दिवसाची रक्कम बघावी.

खातं भारतात बसून ऑनलाइन उघडता येतं. ते उघडण्याचं आणि दरमहाचं सेवाशुल्क वेगळं असतं. भारतीय बँकेतून रक्कम गेली की पुष्टीपत्र मिळतं आणि ते व्हिसाच्या फाइलला जोडलं जातं. व्हिसा नाकारला गेला, तर शुल्क वजा होऊन रक्कम परत येते. याला पर्यायही आहेत: मान्य शिष्यवृत्तीचं पत्र, किंवा जर्मनीत राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीने तिथल्या कार्यालयात दिलेलं रीतसर हमीपत्र. मामा-काका तिथे नोकरीला असतील, तर त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोलावं, कारण ही हमी कायद्याने बंधनकारक असते आणि मुलाचा खर्च खरोखर त्यांच्या अंगावर येऊ शकतो.

खात्यात बारा लाख अडकले असले, तरी पहिल्याच महिन्यात त्यातून ९९२ युरोंपेक्षा जास्त काढता येत नाहीत. आणि खर्च तर पहिल्याच महिन्यात सर्वांत जास्त असतो. घरमालक कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी अनामत मागू शकतो. ३५० युरोंची खोली असेल, तर अनामत १,०५० युरो, वर पहिलं भाडं, सत्राचं अंशदान, गादी-पांघरूण, भांडी, थंडीचं जाकीट. म्हणून खात्याबाहेर दीड ते दोन हजार युरो वेगळे लागतात. ही रक्कम कोणत्याही अधिकृत यादीत लिहिलेली नसते.

निघण्याआधीचे महिने

जर्मनीतलं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. बऱ्याच अभ्यासक्रमांची अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै असते, पण इंग्रजी माध्यमाचे अनेक मास्टर्स कार्यक्रम युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ३१ मे किंवा त्याच्याही आधी, मार्चमध्येच बंद होतात. त्यामुळे ऑक्टोबरला जायचं असेल, तर आदल्या वर्षीच्या एप्रिलपासून तयारी धरावी लागते.

पहिला मोठा कागद म्हणजे एपीएस प्रमाणपत्र. भारतीय गुणपत्रिका खऱ्या आहेत आणि त्यांच्या बळावर जर्मनीत प्रवेश मिळू शकतो, हे तपासणारं केंद्र दिल्लीत जर्मन दूतावासाशी जोडलेलं आहे. नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं झालं. शुल्क १८,००० रुपये. त्याला काही आठवडे लागतात आणि गर्दीच्या काळात त्याहून जास्त, म्हणून शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज केलेला बरा.

मग येतात विद्यापीठांचे अर्ज. अनेक विद्यापीठं ‘उनी-असिस्ट’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत अर्ज घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. आठ ठिकाणी अर्ज केले, तर २८५ युरो, म्हणजे साडेअठ्ठावीस हजार रुपये. राष्ट्रीय व्हिसाचं शुल्क ७५ युरो. इंग्रजीची परीक्षा, जर्मनचे वर्ग, प्रवासापुरता विमा, विमानाचं तिकीट, सामान हे सगळं धरलं, तर विमानात बसेपर्यंत दीड ते दोन लाख रुपये खर्च होतील असा अंदाज ठेवावा. हा पैसा सहसा कर्जातून मिळत नाही, कारण तो प्रवेशपत्र हाती येण्याआधीच खर्च व्हायला लागतो. घरातली शिल्लक वापरायची ती इथे.

आपल्या गुणांना जर्मनीत काय किंमत आहे, हे अर्ज भरण्याआधी घरीच काढून बघता येतं. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. रूपांतराचं ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ सोपं आहे: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. ज्या विद्यापीठात दहापैकी चारला उत्तीर्ण धरतात, तिथे ८ सीजीपीए म्हणजे जर्मन २.० आणि ७ सीजीपीए म्हणजे २.५. शंभरपैकी चाळीसला उत्तीर्ण असेल, तर ७० टक्क्यांचेही २.५ च होतात. अनेक मास्टर्स अभ्यासक्रम २.५ ची रेघ मारतात. ही आकडेमोड न करता बारा ठिकाणी अर्ज पाठवले, तर त्यातले कित्येक उघडूनही बघितले जात नाहीत.

बारावीनंतर लगेच जाऊ इच्छिणाऱ्यांची वाट थोडी वेगळी आहे. बारावीच्या गुणांवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणं, जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण होणं, किंवा तिथे ‘श्टुडिएनकोलेग’ नावाचं तयारीचं वर्ष करणं, यातलं काही ना काही लागतं. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम झालेल्यांनीही विद्यापीठाकडे आधी चौकशी करावी, कारण काही ठिकाणी ही पदवी मास्टर्सच्या अटीला पुरी पडत नाही.

भाषेवरचा खर्च

‘कोर्स इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला?’ असं म्हणून वेळ वाचवणारी मुलं तिथे गेल्यावर तो वेळ दुपटीने देतात. वर्ग इंग्रजीत चालेल, पण भाडेकरार, विम्याचं पत्र, नगरपालिकेचा कागद, दवाखाना, सुपरमार्केटमधलं अर्धवेळ काम हे सगळं जर्मनमध्येच असतं. शिकता शिकता आपल्या विषयाशी संबंधित कंपनीत काम करायला मिळणं ही तिथली फार मोठी सोय आहे. पण अशा जागांच्या जाहिरातीत बी-१, बी-२ या भाषा-पातळ्यांची अट वारंवार दिसते, आणि पूर्णवेळ नोकरीच्या वेळी तर तीच अट निर्णायक ठरते. जर्मन माध्यमातून शिकायचं असेल, तर साधारण सी-१ पातळी लागते.

या बाबतीत महाराष्ट्राची स्थिती चांगली आहे. पुणे आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, कितीतरी कॉलेजांत आणि शाळांतही जर्मन शिकवतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला थोडा थोडा वेळ दिला, तर निघेपर्यंत बी-१ गाठता येतं. इथे रुपयांत होणारा हा खर्च तिथे युरोंत करावा लागतो, शिवाय पहिल्या सत्राच्या अभ्यासाच्या मध्येच.

कर्ज काढताना

१९२८ साली इरावती कर्वे मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करण्यासाठी बर्लिनला निघाल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा या प्रवासाला विरोध होता. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले. ते ठाम पाठीशी उभे राहिले. आणि पैसा उभा राहिला तो जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जातून. बर्लिनमध्ये इरावतीबाईंनी आपल्या मार्गदर्शकाच्या वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताला पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात मांडण्याचं धैर्य दाखवलं. मराठी समाजाला ‘युगान्त’ देणाऱ्या या विदुषीचं बर्लिनमधलं शिक्षण उधारीवर झालं होतं, हे आज कर्जाचा अर्ज भरताना संकोचणाऱ्या आईवडिलांनी लक्षात ठेवावं.

आता कर्जाच्या वाटा रीतसर आहेत. बँक संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत आपला वाटा भरावा लागत नाही. त्यापुढे परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के वाटा आपला. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, म्हणजे घर, प्लॉट किंवा मुदत ठेव. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. केंद्राची २०२४ मधली ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशी शिक्षणासाठी तिच्यावर विसंबू नये.

जर्मनीसाठी कर्ज काढताना एक खास अडचण येते. बँकांना विद्यापीठाच्या नावाने फी भरण्याची सवय आहे, आणि इथे तर फीच नाही. मुख्य रक्कम जाते ती विद्यार्थ्याच्याच खात्यात. ‘ब्लॉक्ड अकाउंटसाठी कर्ज द्याल का, आणि प्रवेशपत्र मिळाल्यापासून किती दिवसांत?’ हा प्रश्न शाखेत लेखी विचारावा आणि लेखीच उत्तर घ्यावं. काही बँका आणि वित्तसंस्था देतात, काही शाखा टाळाटाळ करतात. जुलैमध्ये प्रवेशपत्र आणि ऑगस्टमध्ये व्हिसाची तारीख असताना हा शोध सुरू झाला, तर उशीर झालेला असतो.

व्याजाचं गणित कागदावर मांडून बघावं. समजा, १२ लाखांचं कर्ज आणि १० टक्के व्याज. महिन्याचं व्याज १०,००० रुपये होतं. अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि सवलतीचं एक, अशी तीन वर्षं काहीच भरलं नाही, तर सरळव्याजानेही ३ लाख ६० हजार चढतात. मग १५ लाख ६० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता साडेवीस हजारांच्या पुढे जातो. हेच व्याज आईवडिलांनी दरमहा भरत ठेवलं, तर हप्ता सोळा हजारांच्या आत राहतो. काही बँका या काळात व्याज भरणाऱ्यांना दरात सवलतही देतात. पूर्ण दहा हजार जमत नसतील, तर पाच भरले तरी फरक पडतो.

कराच्या दोन गोष्टी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते आणि तिला रकमेची मर्यादा नाही, पण ती जुन्या करप्रणालीतच. दुसरी गोष्ट परदेशी पैसे पाठवताना कापल्या जाणाऱ्या टीसीएसची. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जातून गेलेल्या रकमेवर तर मुळीच नाही. स्वतःच्या शिलकीतून बारा लाख पाठवत असाल, तर वरच्या दोन लाखांवर तो कापला जाईल. दहा लाखांची मर्यादा प्रत्येक व्यक्तीची वेगळी असते, त्यामुळे आई आणि वडील यांच्या नावावरून रक्कम कशी विभागता येईल, हे सनदी लेखापालाला विचारून घ्यावं. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरल्यावर वळता करता येतो.

शिष्यवृत्त्या

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना दिली जाते. वर्षाला ७५ जागा असतात. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’मार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीही संबंधित विभागांच्या योजना आहेत. उत्पन्नाची मर्यादा, जागतिक क्रमवारीत वरचं विद्यापीठ आणि विनाअट प्रवेशपत्र या अटी काळजीपूर्वक वाचाव्यात. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला हे कागद प्रवेशपत्राची वाट न बघता आधीच काढून ठेवावेत, कारण निवडीचा निकाल व्हिसाच्या तारखेआधी लागेलच असं नाही.

मुंबईतली जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून कर्जशिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी कर्ज देतो. १९२५ मध्ये स्थापन झालेली डाड ही जर्मन संस्था मोजक्या पण पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्या देते. तिचे अर्ज बहुधा वर्षभर आधी भरावे लागतात. आणि तिथे प्रवेश घेतल्यावर ‘डॉइचलांडश्टिपेंडिउम’साठी अर्ज करता येतो: महिन्याला ३०० युरो, निम्मे सरकारचे आणि निम्मे खासगी देणगीदारांचे, राष्ट्रीयत्वाची अट नाही. कितीतरी भारतीय मुलं याचा अर्जच करत नाहीत, ही चुटपुट लागण्यासारखी गोष्ट आहे.

९९२ युरोंत महिना

खर्चाचा सर्वांत मोठा भाग घरभाड्याचा. ‘श्टुडेंटेनवेर्क’ या विद्यार्थी कल्याण संस्थेच्या वसतिगृहात खोली २५० ते ४०० युरोंत मिळू शकते, पण प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेशपत्राची वाट न बघता नाव नोंदवता येत असेल, तर नोंदवावं. सहभाड्याच्या घरातली एक खोली म्युनिकमध्ये ७०० युरोंच्या वर जाते. केम्निट्झ, मागडेबुर्ग, इल्मेनाऊ यांसारख्या पूर्वेकडच्या गावांत तिच्या निम्म्याहूनही कमी भाड्यात भागू शकतं. कोणत्या गावात शिकायचं, हा निर्णय असा थेट पैशाचा निर्णय होतो. कर्जावर जाणाऱ्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या नावाइतकंच गावाच्या भाड्याकडेही बघावं.

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य विमा महिन्याला साधारण १४० ते १५० युरोंत मिळतो आणि तो सक्तीचा असतो. घरटी रेडिओ-टीव्ही शुल्क १८.३६ युरो, ते टीव्ही नसला तरी द्यावं लागतं, पण एकत्र राहणाऱ्यांना वाटून घेता येतं. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. या नोंदणीशिवाय कित्येक कामं अडतात. म्हणून ज्या खोलीच्या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही, ती स्वस्त असली तरी महागात पडते. खोली न बघता परदेशातून अनामत पाठवायला सांगणाऱ्या जाहिरातींपासून तर लांबच राहावं.

स्वतः रांधणाऱ्या मुलाचं जेवणखाण २०० युरोंच्या आसपास होतं. वसतिगृहाचे ३००, विम्याचे १४५, सत्राचं अंशदान महिन्यावर वाटून ५०, फोन आणि शुल्कं ३०, किरकोळ १०० धरले, तर महिना सव्वाआठशेत बसतो. म्युनिकमध्ये मात्र तोच महिना बाराशेच्या पुढे जातो.

दुसरं वर्ष

श्पेअरकोंटो एका वर्षाचं असतं. मास्टर्स मात्र दोन वर्षांचं, आणि प्रबंध लांबला, तर अडीच वर्षांचं. राहण्याचा परवाना वाढवून घेताना पुन्हा पैशाचा पुरावा मागितला जातो. पहिल्या वर्षासाठी जीव तोडून जमवलेले बारा लाख संपत आलेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी हा प्रश्न येतो.

त्याचं उत्तर बहुतेक जण कामातून काढतात. मार्च २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५ मध्ये ताशी १२.८२ युरो होतं आणि जानेवारी २०२६ पासून ते १३.९० झालं. म्हणजे महिन्याला चाळीस तास काम केलं, तर साडेपाचशे युरो. काम मिळालं असेल, तर करारपत्र आणि पगाराच्या पावत्या परवाना वाढवताना उपयोगी पडतात. दुसऱ्या वर्षी महिन्याला ५०० युरो स्वतः कमावले, तर वर्षाची तूट ५,९०४ युरोंची, म्हणजे सहा लाखांच्या आत राहते.

पण पहिल्या सत्रात हे काम धरून चालू नये. अभ्यासाची पद्धत नवी, भाषा कच्ची, नोव्हेंबरपासून दुपारी साडेचारला अंधार. त्या चार महिन्यांत कामाच्या शिफ्ट आणि परीक्षा यांत ओढाताण झाली, तर विषय राहतात. विषय राहिले की सत्र वाढतं आणि एका वाढलेल्या सत्राचा खर्च सहा हप्त्यांचा, म्हणजे जवळपास सहा लाखांचा होतो. म्हणून निघतानाच दुसऱ्या वर्षासाठी पाच-सहा लाखांची वेगळी सोय बघून ठेवावी: कर्जाची मंजुरी पहिल्या वर्षापुरती न घेता पूर्ण अभ्यासक्रमाची घ्यावी आणि रक्कम टप्प्याने उचलावी. न उचललेल्या रकमेवर व्याज चढत नाही.

पदवी मिळाल्यावर जर्मनी नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा राहण्याचा परवाना देते. त्या काळात कुठलंही काम करायची मुभा असते. इकडे बँकेची सवलत मात्र अभ्यासक्रमानंतर बारा महिन्यांनी संपते. म्हणजे नोकरी शोधायला वेळ हाताशी असतानाच सहा महिने हप्ता सुरू झालेला असू शकतो. वरच्या उदाहरणातल्या साडेवीस हजारांच्या हप्त्याने हे सव्वा लाख रुपये होतात. कर्जाच्या कागदावर सही करताना सवलत दीड वर्षाची करून मिळेल का हे विचारावं, आणि नाही म्हणाले, तर तेवढे सहा हप्ते आईवडिलांच्या नावे मुदत ठेवीत पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवावेत.